इसे येथील लांकडी पूल

देवालय जितकें जुनें तितकें त्याचें माहात्म्य अधिक, अशी आपल्याकडील सर्वसामान्य समजूत आहे. औंढ्याचा नागनाथ किंवा होट्टलचा सिद्धेश्वर पाहतांना आपण प्रथम तें बांधकाम कोणत्या राजवटींतलें, हें विचारतों. जपानांत मात्र मीं असें एक क्षेत्र पाहिलें कीं, तेथें मुख्य मंदिर जुनें होऊं द्यावयाचें नाहीं असाच दंडक आहे, आणि तरीहि त्या राष्ट्रांत त्याहून पूज्य असें स्थान दुसरें नाहीं.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त नागोया शहरीं असतात. त्यांच्याकडे राहावयास गेलों असतां त्यांनीं आम्हां उभयतांस आगगाडीनें इसे येथें नेलें. येथील देवता अमातेरासू. शिंतो धर्मांत सूर्य हा देव नसून देवी आहे. नित्य सूर्यास अर्घ्य देणाऱ्या मजसारख्यास याचा प्रथम थोडा अचंबा वाटला. मंदिराच्या वाटेवर इसुझु नामक नदी आडवी येते व तिच्यावर उजी नांवाचा लांकडी पूल आहे. अलीकडे प्रपंच, पलीकडे देवभूमि, अशी तेथील भाविकांची भावना. पूल ओलांडतांना माणसें आपोआप हळू बोलूं लागतात.

हा पूल सुमारें १०२ मीटर लांब व साडेआठ मीटर रुंद आहे. पाण्यांतील खांब केयाकी नांवाच्या कठीण लांकडाचे, तर वरच्या फळ्या हिनोकी वृक्षाच्या. फळ्यांच्या सांध्यांतून पावसाचें पाणी खालीं झिरपूं नये म्हणून नावा बांधणाऱ्या सुतारांचें कसब येथें उपयोगांत आणतात. प्रवाहाच्या वरच्या अंगास वेगळे खांब रोंवलेले आहेत. पुरांत वाहत येणारे ओंडके त्यांवर अडतात व पुलास धक्का लागत नाहीं. दोन्ही टोकांस लांकडी द्वारें आहेत. त्यांस ‘तोरी’ म्हणतात. आपल्या ‘तोरण’ शब्दाशीं त्याचा नाद जुळतो, पण केवळ नादावरून व्युत्पत्ति ठरवूं नये, हेंच बरें.

पुलाच्या मध्यावर आल्यावर नातवानें विचारलें, “आजोबा, हा पूल जुना कीं नवा?”

प्रश्न एखाद्या नैयायिकास शोभावा असा होता. हा पूल २००९ सालीं बांधलेला. त्यापूर्वीं तो १९४९, १९६९ व १९८९ सालीं बांधला होता, आणि पुढची पाळी २०२९ ची. मुख्य मंदिरहि दर वीस वर्षांनीं शेजारच्या मोकळ्या जागेंत जसेंच्या तसें नवें उभारतात व देवतेस तेथें नेतात. हा परिपाठ इ. स. ६९० मध्यें, सम्राज्ञी जितो हिच्या काळीं सुरू झाला. मध्यंतरीं यादवीमुळें शतकाहून अधिक काळ त्यांत खंड पडला. तरी २०१३ सालचें स्थलांतर हें बासष्टावें होतें. जुन्या मंदिराचे मुख्य खांब टाकून देत नाहींत. ते तासून पुलाच्या द्वारांस लावतात, आणि तेथें वीस वर्षें उभे राहिल्यावर ते आणखी दुसऱ्या गांवीं द्वार होऊन जातात.

मग येथें जुनें काय राहिलें? लांकूड राहिलें नाहीं, कृति राहिली. वीस वर्षांच्या अवधींत तरुण सुतार पहिल्या वेळीं उमेदवार असतो, दुसऱ्या वेळीं मुख्य कारागीर, आणि तिसऱ्या वेळीं शिकविणारा. आपल्या पूर्वजांनीं वेद याच रीतीनें राखले. पद, क्रम, जटा, घन अशा पाठांनीं मुखांतून मुखांत गेलेला स्वर दगडापेक्षां अधिक टिकला.

इसे येथील एकसष्टावें स्थलांतर १९९३ च्या ऑक्टोबरच्या आरंभीं झालें. त्याच्या अगदीं थोडे दिवस आधीं, ३० सप्टेंबरच्या पहाटें, गणपति बोळवून निजलेलें किल्लारी आणि भोंवतालचीं गांवें भूकंपानें जमीनदोस्त झालीं. दगडमातीच्या जाड भिंती माणसांवर कोसळल्या. पण कित्येक घरांत आंतील खांब व तुळया यांचा सांगाडा उभाच होता. तो रचणाऱ्यांस कांहींतरी ठाऊक होतें. पुढें नवीं गांवें सिमेंटाचीं झालीं, आणि तें भयभीत लोकांच्या दृष्टीनें स्वाभाविकच होतें. परंतु माळवदाचा सांगाडा जोडणारा सुतार आज आमच्या लातूर-नांदेडकडे शोधावा लागतो. जें काम पुन्हां करण्याचा प्रसंगच येत नाहीं, तें हातांतून जातें.

इसेच्या लोकांनीं १९२३ सालीं मंदिराच्या रानासाठीं दोनशें वर्षांची योजना आंखली. तेव्हां लावलेल्या रोपांचे मोठे खांब लावणाऱ्यांपैकीं कोणीच पाहणार नव्हता. नवा पूल प्रथम ओलांडण्याचा मानहि विचारपूर्वक दिलेला आहे: पुढें एक वृद्ध स्त्री, आणि तिच्यामागून एकाच घराण्यांतील आजी-आजोबा, मुलगा-सून, नातू-नातसून अशीं तीन पिढ्यांचीं दांपत्यें.

आपल्या घरांतील तिसरी पिढी आतां पुष्कळदां परदेशीं वाढते, आणि तिला एका छपराखालीं परत आणणें आपल्या हातीं नाहीं. पाठ घेणें मात्र हातीं आहे. आमचा नातू घरीं मराठी व शाळेंत जपानी बोलतो. दर रविवारीं तो मला दूरध्वनीवरून शब्दरूपें म्हणून दाखवितो. परवां त्यानें आपल्या धाकट्या बहिणीस ‘देव’ शब्द चालवून दाखविला, असें सूनबाईंनीं कळविलें.