डाव्या अंगाचा बैल उजव्या अंगाला

जोडीतला बैल एका अंगाला पक्का झाला, की त्याला दुसऱ्या अंगाला जुंपणे किती अवघड असते, हे शेतकरी वाचकांना मी सांगायला नको. तास वाकडे पडते, बैल बावरतो आणि धनी वैतागतो. खोट बैलात नसते, सवय आडवी येते. पंचावन्नाव्या वर्षी माझी स्वतःचीच अशी जुंपणी झाली, त्याची ही हकिकत.

आमची लेक नेदरलँड्समध्ये, म्हणजे आपण ज्याला हॉलंड म्हणतो त्या देशात, वाखेनिंगेनच्या कृषी विद्यापीठात शिकत होती. 2023 सालच्या ऑक्टोबरात आम्ही उभयता तिच्याकडे गेलो. तिथली बटाटा, कांदा आणि साखरबीटाची शेती पाहायची माझी जुनी इच्छा होती. आगगाडी शहरापर्यंत पोचवते, शेताच्या बांधापर्यंत नाही. तेव्हा मोटार भाड्याने घ्यायची आणि ती मी चालवायची, असे ठरले. तीस वर्षे जीप चालवलेली, त्यामुळे हाताचा भरवसा होता. पण तिकडे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात. चालक मोटारीत डावीकडे बसतो. सगळाच उलटा संसार!

तयारी इथूनच सुरू केली. आपल्या आर.टी.ओ. कार्यालयात आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मिळतो. त्यासाठी चालू परवाना, पासपोर्ट आणि फोटो लागतात. शुल्क हजार रुपये. हे लहानसे पुस्तक असते आणि ते एक वर्ष चालते. मात्र मूळ परवानाही जवळ बाळगावा लागतो.

कागद झाले, पण हाताची सवय कागदाने जात नाही. प्रात्यक्षिकाशिवाय शेतकऱ्याला पटत नाही, हे आम्ही विस्तारवाले नेहमी सांगतो. म्हणून मी अंगणात चुन्याची फक्की मारून दोन रस्ते आणि एक चौक आखला आणि सायकलवरून उजव्या बाजूने फेऱ्या सुरू केल्या. सौ. तुळशीपाशी उभी राहून चुका मोजायची. पहिल्या दिवशी नऊ झाल्या. शेजारचे दत्तूअण्णा कुंपणापलीकडून म्हणाले, "साहेब, या वयात सायकल शिकताय होय?" मी म्हटले, "शिकत नाही अण्णा, विसरतोय." आठवड्याने चुका दोनवर आल्या.

तिकडे पोचल्यावर लेकीने बजावले, "बाबा, पहिले दोन दिवस स्टिअरिंगला हात लावायचा नाही. नुसते चालायचे आणि पाहायचे." हा सल्ला लाखमोलाचा ठरला. कारण पायी रस्ता ओलांडतानाच पहिला धोका असतो. आपण आधी उजवीकडे पाहतो. तिकडे वाहन आधी डावीकडून येते. त्यातून सायकलींचा सुकाळ. त्या देशात माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत, त्यांचे रस्ते वेगळे आणि मान मोठा. उजवीकडे वळताना शेजारून सरळ जाणाऱ्या सायकलला आधी वाट द्यायची. मोटारीचे दार उघडायचे तेही पलीकडच्या हाताने. म्हणजे अंग आपोआप वळते आणि मागून येणारी सायकल दिसते. ही युक्ती मला फार आवडली.

आणखी काही नियम वहीत लिहून घेतले. चौकात पाटी किंवा खूण नसेल, तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे, मग ती सायकल का असेना. रस्त्यावर पांढरे त्रिकोण रंगवलेले असतात, त्यांना ते लोक शार्क माशाचे दात म्हणतात. टोके आपल्याकडे असली, की आपण थांबायचे. गोल चौकात वाहने घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. गावाच्या नावाची निळी पाटी लागली, की वेग ताशी 50 किलोमीटरवर आणायचा, आणि वस्तीत तीसची पाटी असेल तर तीसवर. शेतांमधल्या अरुंद रस्त्यांना बहुधा 60. मोठ्या हमरस्त्यांवर 2020 पासून सकाळी सहा ते सायंकाळी सात 100 ची मर्यादा होती. पोलीस कुठे उभा दिसत नाही. कॅमेरा टिपतो आणि दंडाचा कागद घरी येतो.

तिसऱ्या दिवशी रविवारी सकाळी रिकाम्या वाहनतळावर तासभर सराव केला. गिअर आपोआप बदलणारी मोटार मुद्दाम घेतली होती, म्हणजे एक काळजी कमी. तरी गंमत झालीच. घरच्या मोटारीत वळणाचा दिवा लावायची दांडी उजव्या हाताला, तिकडे डाव्या. त्यामुळे वळायचे म्हटले, की कोरड्या काचेवर वायपर नाचू लागायचे. मागे बसलेली लेक हसून बेजार. शेवटी तिने एक पक्की खूण सांगितली : "बाबा, कुठल्याही देशात जा, चालकाचा खांदा रस्त्याच्या मध्याकडे असला पाहिजे. तुमचा डावा खांदा मध्याकडे, आईचा उजवा खांदा कडेला." सौ.ने ते पाठ केले.

सोमवारी आम्ही फ्लेव्होलँडकडे निघालो. हार्डरवाइक गावापाशी रस्ता खाली उतरतो आणि डोक्यावरून कालव्यासारखे पाणी जाते. वरून शिडाच्या होड्या, खालून मोटारी! पलीकडची सगळी जमीन म्हणजे पूर्वीचा समुद्रतळ. 1932 साली 32 किलोमीटर लांबीचा बांध घालून त्यांनी समुद्राचा फाटा अडवला, मग एकेक भाग बांधांनी वेढून पाणी उपसले. आम्ही फिरलो तो भाग 1957 साली कोरडा झाला. समुद्रसपाटीपेक्षा तीन-चार मीटर खाली ही शेती. पंप बंद पडले तर पुन्हा पाणी भरेल. रस्ते ओळंब्याने आखल्यासारखे सरळ, दुतर्फा झाडे आणि काळीभोर नांगरट. बटाट्याची काढणी उरकत आली होती, साखरबीटाचे ढीग रस्त्याकडेला रचले होते. आपला जसा उसाचा गळीत हंगाम, तसा तिकडे बीटाचा. मळे पाहता पाहता दिवस कलला.

परत फिरताना एका शेतातल्या वाटेवरून मी डांबरी रस्त्यावर आलो. दोन्हीकडे चिटपाखरू नव्हते. धोका नेमका तिथेच असतो. रहदारी असली, की तिच्यामागून माणूस बरोबर जातो. मोकळ्या रस्त्यावर जुना बैल आपल्या जुन्या अंगाला जातो. मी निवांत डाव्या बाजूला लागलो. बीटाबद्दल बोलत होतो. एवढ्यात सौ. ओरडली, "अहो, माझा खांदा मध्याकडे आहे!" समोर पाहतो तो दिवे. बीट भरलेला ट्रॅक्टर माझ्याच अंगावर येत होता. त्याचे दिवे दुरून दिसत होते म्हणून सौ.ला दिसले, आणि त्याने मला पाहून आधीच वेग कमी केला म्हणून आम्ही वाचलो. मी ब्रेक दाबला. ट्रॅक्टर वीसेक पावलांवर उभा राहिला.

चालक खाली उतरला, तर मिसरूडही न फुटलेला पोरगा! वाटले, आता चार शब्द सुनावणार. त्याने इंग्रजीत विचारले, "सगळे ठीक ना?" मी माफी मागितली. लेक त्याच्याशी बोलली. तो सोळा वर्षांचा होता. तिकडे 2015 पासून ट्रॅक्टर चालवायला वेगळा परवाना लागतो; सोळाव्या वर्षी लेखी आणि चालवण्याची अशा दोन्ही परीक्षा देऊन तो मिळतो. पोरगा गेला तेव्हा मी मागून पाहत राहिलो. ट्रॉलीला दोन लाल दिवे, आणि मध्ये संथ वाहनाची खूण म्हणून तांबडा त्रिकोण. अंधार पडत होता तरी अर्ध्या मैलावर तो त्रिकोण ओळखू येत होता. थोडे पुढे रस्त्यावर चिखल सांडला होता, तर तिथे सावध करणारी पाटी लावून एक शेतकरी चिखल खरवडत होता.

परतीच्या वाटेवर मोटार लेकीने चालवली. मी गप्प होतो. सौ.ला वाटले, घाबरलो. पण मला माझा धाकटा भाऊ आठवत होता. 2016 च्या जानेवारीत रात्री बाजारातून येताना त्याची मोटारसायकल रस्त्यात बंद पडून उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळली. मागे दिवा नव्हता. होते ते दोन दगड. पायाचे हाड दोन ठिकाणी मोडले, आठ महिने खाटेवर काढले. अजून तो लंगडतो. त्या ट्रॉलीवाल्याच्या नावाने मी वर्षभर बोटे मोडली. आणि आमच्या वाड्यात उभ्या असलेल्या आमच्याच ट्रॉलीला मागे काय होते? काही नाही. भावाचा अपघात झाल्यावरही सात हंगाम ती तशीच ऊस वाहत राहिली. पुतण्या पंधरा वर्षांचा. गेल्या वर्षी त्याला ट्रॅक्टर दिला, तोही मीच, मोठ्या कौतुकाने. ठिबक आणि खते यांवर मी शेकडो सभा घेतल्या, ट्रॉलीच्या दिव्यावर एकही नाही. वास्तविक मागचा लाल दिवा आणि परावर्तक आपल्याकडेही नियमानेच लागतात. ट्रॅक्टरला परवाना आणि अठरा वर्षे वयही लागते. परदेशातले नियम मी वहीत लिहून पाठ केले, घरचे मात्र मनावर घेतले नव्हते.

गावी आल्यावर पहिले काम ते केले. तालुक्याहून लाल चकाकती पट्टी, दोन दिवे, वायर आणि त्रिकोण आणला. खर्च युरियाच्या काही पोत्यांइतकाही आला नाही. पुतण्याला किल्ली अठरा पूर्ण झाल्यावर, परवाना हातात आल्यावर मिळेल असे सांगितले. तो दोन दिवस रुसला. पट्टी भावाने स्वतःच्या हाताने चिकटवली.

रात्री ट्रॉली वस्तीच्या वाटेवर उभी केली, दिवे बंद ठेवले. भाऊ मोटारसायकल घेऊन ओढ्यापर्यंत लांब गेला आणि तिथून त्याने हेडलाइट लावला. मी ट्रॉलीपाशी उभा होतो. पट्टी लालभडक पेटल्यासारखी झाली. तो बराच वेळ तिथेच थांबला. मग हळूहळू आला, गाडी स्टँडला लावली आणि एवढेच म्हणाला, "दादा, पुलाच्या पलीकडून दिसतंय."

या गळिताला आमच्या गावच्या चौदा ट्रॉल्यांना अशी पट्टी लागली आहे. वाचकहो, आज संध्याकाळी आपल्या ट्रॉलीच्या मागे जाऊन एकदा उभे राहा, आणि अंधारात ती किती दिसते ते पाहा.