शाँतिईची पोथी आणि रुपेरी पडदा

पॅरिसच्या गार द्यू नॉर स्थानकावरून उत्तरेकडे निघालेली गाडी साधारण अर्ध्या तासात शाँतिई या लहानशा गावी पोहोचते. स्थानकापासून राजवाड्याकडे जाणारी वाट घोड्यांच्या शर्यतीच्या विस्तीर्ण मैदानाच्या कडेने जाते आणि अखेरीस पाण्याने वेढलेला, निळसर छपरांचा राजवाडा दृष्टीस पडतो. हिऱ्यांच्या व्यापारानिमित्त अँटवर्पला ये-जा करणारी कुटुंबे पॅरिस पाहून परततात. इतक्या जवळचे हे स्थळ मात्र बहुधा राहून जाते.

या राजवाड्यातील कोंदे संग्रहालयात 'त्रे रिश अर' नावाची चर्मपत्रावरील २०६ पानांची प्रार्थनापोथी आहे. फ्रान्सच्या राजघराण्यातील बेरीचा ड्यूक जाँ याच्यासाठी लिम्बुर्ग आडनावाच्या तीन बंधूंनी ती सुमारे १४११ पासून चितारण्यास घेतली. तिच्या आरंभी बारा महिन्यांची बारा पूर्णपृष्ठ चित्रे आहेत. फेब्रुवारीत बर्फाने झाकलेले शेत, मेंढ्यांचा कोंडवाडा आणि विस्तवाशी ऊब घेणारी माणसे. ऑक्टोबरात पेरणी आणि पाठीमागे त्या काळचा लूव्हर किल्ला. प्रत्येक पानाच्या माथ्यावर गर्द निळी, राशिचिन्हे मिरवणारी कमान. या चित्रांत जवळचे गवत जितके रेखीव, तितकाच दूरचा बुरूजही रेखीव असतो. अंतरामुळे काहीच पुसट होत नाही.

१४१६ साली ड्यूक आणि तिन्ही बंधू मृत्यू पावले. पोथी अपुरीच राहिली. कलेवर सढळ हाताने खर्च करणारा ड्यूक मोठे कर्ज मागे ठेवून गेला होता. त्याच्या मालमत्तेच्या यादीत या पोथीची सुटी पाने एका पेटीत नोंदलेली आढळतात. त्यांचे मूल्य ५०० लिव्र धरलेले आहे. सुमारे सत्तर वर्षांनी जाँ कोलोंब या चित्रकाराने उरलेले काम पूर्ण केले.

यानंतर साडेचार शतकांनी, १९५० च्या दशकात, अमेरिकेत वॉल्ट डिस्ने यांच्या 'स्लीपिंग ब्यूटी' या सचेतपटाची सिद्धता सुरू झाली. सचेतपटात पात्रे हलण्यापूर्वीच संकल्पचित्रे काढली जातात. त्या जगाचे रंग, प्रकाश, झाडांचे व भिंतींचे आकार कसे असावेत, हे त्यांवरून ठरते. हे काम आयव्हिंड अर्ल या चित्रकाराकडे आले. न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्स संग्रहालयातील एकशिंगी अश्वाचे मध्ययुगीन विणलेले पडदे डिस्नेंचे सहकारी जॉन हेंच यांच्या मनात भरले होते. अर्ल यांनी त्यांच्या जोडीला 'त्रे रिश अर', ड्यूरर, ब्रॉयगेल आणि पर्शियन लघुचित्रे यांचा अभ्यास केला. परिणामी चित्रपटातील झाडे चौकोनी घडीव, कडे उभे ताठ आणि प्रत्येक पान सुस्पष्ट झाले. ७० मिलिमीटरच्या रुंद पडद्यामुळे हे बारकावे आवश्यकच ठरले. एकेका पार्श्वभूमीस कित्येक दिवस लागत.

कागदावर पात्रे रेखाटणाऱ्या सचेतनकारांना हे सहजी रुचले नाही. इतक्या ठळक पार्श्वभूमीपुढे पात्रे हरवतील, अशी त्यांची तक्रार होती. ती निराधार नव्हती; परंतु डिस्नेंनी अर्ल यांची बाजू घेतली, आणि पात्रांचे आकारही पार्श्वभूमीच्या वळणाने सरळ व टोकदार करण्यात आले.

सुमारे ६० लाख डॉलर खर्चून चित्रपट २९ जानेवारी १९५९ रोजी प्रदर्शित झाला. त्यापूर्वीच अर्ल यांनी संस्था सोडली होती. पहिल्या प्रदर्शनात खर्च भरून निघाला नाही आणि सचेतन विभागातील अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. पुढील दशकांतील पुनःप्रदर्शनांनी मात्र तो तोटा भरून काढला. आज सचेतपटांच्या संकल्पचित्रांचा विषय निघाला की अर्ल यांचे नाव आदराने घेतले जाते. ज्या पार्श्वभूमीवर आक्षेप होता, तीच त्या चित्रपटाची ओळख ठरली.

पोथी शाँतिईत आली ती ओमालच्या ड्यूकमुळे. परागंदा अवस्थेत असताना १८५६ साली त्याने ती इटलीत विकत घेतली. पुढे राजवाडा आणि संपूर्ण संग्रह त्याने फ्रान्सच्या विद्वत्संस्थेस दान केला. अट अशी की, कोणतीही वस्तू उसनी द्यायची नाही आणि चित्रांची मांडणी बदलायची नाही. १८९८ पासून हे दालन जनतेस खुले आहे. चित्रे त्याने लावली तशीच आजही भिंतींवर दाटीवाटीने टांगलेली दिसतात.

मूळ पोथी नाजूक असल्याने एरवी दाखवली जात नाही. प्रवाशास हुबेहूब प्रत पाहून समाधान मानावे लागते. २०२५ च्या उन्हाळ्यात जीर्णोद्धाराच्या निमित्ताने बारा महिन्यांची मूळ पाने काही महिने प्रदर्शनात ठेवली गेली होती. प्रत पाहतानाही ऑक्टोबरच्या पानाशी थोडे थांबावे. पेरलेले दाणे टिपणारे पक्षी, त्यांना भिववण्यासाठी धनुष्यधारी बुजगावणे, आणि शेतावर ताणलेले बारीक दोरे तेथे दिसतात. ५०० लिव्रच्या नोंदीत यांपैकी कशाचाही उल्लेख नाही.