फिरकी

'फिरकी' हा शब्द मोठा गमतीचा आहे. क्रिकेटच्या मैदानावर गोलंदाज फिरकी टाकतो. संक्रांतीला पतंगाचा दोरा फिरकीवर गुंडाळलेला असतो. आणि एखाद्याची गोड शब्दांत थट्टा केली, म्हणजे त्याची फिरकी घेतली असे आपण म्हणतो. या तिन्ही अर्थांची गाठ आम्हांला एकाच गृहस्थांनी घालून दिली. ते आमचे शेजारी होत.

वय सत्तरीच्या पलीकडे, सारा जन्म सुरतेच्या कापडबाजारात गेलेला, बोलणे अस्सल सुरती. आम्ही त्यांना काका म्हणतो, ते आम्हांला मास्तर म्हणतात. ते गुजरातीत बोलतात, आम्ही मराठीत उत्तर देतो, आणि अर्थाचा एक कणही वाटेत सांडत नाही. काका गुजरातच्या संघाचे कट्टर अभिमानी; आम्ही मुंबईचे. वस्तुतः आमची मायबोली कोकणी, आणि मुंबईत आम्ही सलग आठ दिवससुद्धा कधी राहिलेलो नाही. काकांनी हे बिंग पहिल्याच महिन्यात फोडले.

"मास्तर, तुमच्या गोव्याचाही संघ रणजी करंडकात खेळतो ना? मग तुम्ही मुंबईचे कसे?"

"काका, भक्ती करावयाची तर मोठ्या दैवताची करावी," आम्ही म्हटले, आणि युद्धास तोंड लागले.

आमच्या बाजूला आकड्यांचे बळ होते. १९३४-३५ साली रणजी करंडकाची स्पर्धा सुरू झाली, तेव्हा पहिला करंडक मुंबईने जिंकला. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत तर ओळीने १५ वर्षे तो मुंबईतून हलला नाही. २०१६ पर्यंत मुंबईची ४१ विजेतेपदे झाली होती. गुजरातच्या खात्यावर शून्य! १९५०-५१ साली एकदाच तो संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचला, आणि इंदूरला होळकरांच्या संघाकडून हरून परतला. "म्हणजे काका, तेव्हाही तुम्हांला आडवी आली ती मराठी गादीच!" असे आम्ही म्हणत असू.

परंतु काकांचाही भाता रिकामा नव्हता. "करंडकाला नाव कोणाचे? नवानगरच्या आमच्या रणजितसिंहजींचे. विनू मंकड जामनगरचे. विजय मर्चंट मुंबईचे खरे, पण घराणे गुजराती. रुसी सुर्ती तर १९३६ साली इथे सुरतेतच जन्मले. माल आमचा, दुकान मात्र तुमचे!" कापडबाजारात मुरलेल्या माणसाला शोभेल असाच हा हिशेब होता. एवढ्यानेही आम्ही नमलो नाही, की ते शेवटचे अस्त्र काढीत. "मराठे १६६४ साली सुरतेला आले, १६७० साली पुन्हा आले, आणि न्यायचे ते सगळे घेऊन गेले. करंडक आमच्याकडे कधी नव्हताच, म्हणून तेवढा वाचला!" आम्ही वर्गात इतिहास शिकवतो, तरीही यावर हसण्यावाचून दुसरे उत्तर आम्हांला सापडले नाही.

अशात २०१७ चा जानेवारी उजाडला. रणजीचा अंतिम सामना इंदूरला, आणि समोरासमोर मुंबई व गुजरात! पाचवा दिवस १४ जानेवारी, म्हणजे नेमका उत्तरायणाचा. पैज ठरली: हरणाऱ्याने दुसऱ्या दिवशी, वासी उत्तरायणाला, जिंकणाऱ्याच्या गच्चीवर फिरकी धरून उभे राहावे. गुजरातला विजयासाठी ३१२ धावा हव्या होत्या. रणजीच्या अंतिम सामन्यात तोवर कोणीही एवढ्या धावांचा पाठलाग यशस्वी केला नव्हता. ८९ धावांत तीन गडी बाद झाले, तेव्हा आम्ही काकांना तिळगूळ देऊन "गोड बोलायची तयारी ठेवा," असेही सांगून आलो.

पण कर्णधार पार्थिव पटेल हलेना. लहानपणी दारात सापडून डाव्या हाताची करंगळी गमावलेला हा यष्टिरक्षक पहिल्या डावात ९० धावा करून गेला होता. आता त्याने १४३ केल्या. गुजरात पाच गडी राखून जिंकले. सगळ्या गच्च्यांवर 'काप्यो छे'च्या आरोळ्या चालल्या होत्या. त्यांतली प्रत्येक आपल्यालाच उद्देशून आहे असे आम्हांला वाटू लागले.

आता काका काय काय ऐकवतील, या धास्तीने आम्ही घरात दडलो. संध्याकाळी दार वाजले. काका उंधियु आणि जिलेबीचे ताट घेऊन उभे होते. "मास्तर, जेवून घ्या. आम्ही ६६ वर्षे थांबलो. टोमणे उद्यापर्यंत थांबतील." दुसऱ्या दिवशी आम्ही फिरकी धरली. घटकाभराने त्यांनी पतंगाचा दोरा आमच्या हाती दिला आणि फिरकी स्वतः घेतली. "पतंग एकट्याला उडवता येतो," ते म्हणाले, "पण फिरकी धरायला दुसरा लागतो."

या वाक्याचा अर्थ आम्हांला त्या दिवशी पुरता कळला नाही. तो कळावयास सात वर्षे जावी लागली.

मध्यंतरी वीस षटकांच्या सामन्यांचे दिवस आले होते. २०२४ च्या मार्चमध्ये मुंबईने रणजी करंडक ४२ व्यांदा जिंकला, आणि आमचे पाय जमिनीवर ठरेनात. दहाच दिवसांनी, २४ मार्चला, अहमदाबादेत मुंबई आणि गुजरात यांचा वीस षटकांचा सामना होता. मुंबईचा नवा कर्णधार हार्दिक पंड्या. याने २०२२ साली गुजरातला पहिल्याच मोसमात विजेतेपद मिळवून दिले होते, आणि आता तो मुंबईकडे परतला होता. सोडून गेला म्हणून गुजरातवाले रागावलेले. पाच विजेतेपदे मिळवून देणाऱ्या रोहित शर्माच्या जागी आला म्हणून मुंबईवाले रागावलेले. दोन्ही पक्षांचे प्रथमच एकमत झाले, आणि तेही एका माणसाची हुर्यो करण्यासाठी!

त्या रात्री गल्लीत होळी रचलेली होती. शेजारीच मोठ्या पडद्यावर सामना चालू होता. हार्दिक दिसला की पोरे ओरडत. कोकणच्या माणसाला शिमग्याची बोंब शिकवावी लागत नाही. आम्हीही तोंडावर हात मारून सुरात सूर मिळवला. सामना मुंबईने सहा धावांनी गमावला, तेव्हा तर आमचा आवाज सर्वांत मोठा होता.

काका हळूच म्हणाले, "मास्तर, तो पोरगा आपल्या चोऱ्यासी तालुक्यातला. सुरतेत जन्मलेला. त्याला क्रिकेट शिकता यावे म्हणून बाप इथला धंदा आवरून बडोद्याला गेला. मी तुमची फिरकी घेतो, कारण तुम्ही माझी घेता. तो तुम्हांला काय उत्तर देणार? तुमचे ओरडणे त्याला ऐकूही जात नाही. ऐकू जाते ते या पोरांना."

आम्ही वळून पाहिले. पोरांत आमच्याच वर्गातील चौघे होते.

धुळवडीच्या सुट्टीनंतर शाळेच्या मैदानावर एका मुलाच्या हातून झेल सुटला. तत्क्षणी तीच आरोळी उठली. तोच सूर, तोंडावर तसाच हात. झेल सोडलेला मुलगा रडला नाही की भांडला नाही. तो मुकाट्याने वर्गात जाऊन शेवटच्या बाकावर बसला. इतरांना रागावण्यासाठी आम्ही तोंड उघडले, पण शब्द फुटेना. अखेर त्या तासाला आम्ही इतिहासाचे पुस्तक मिटले आणि होळीच्या रात्रीची आपली चूक वर्गासमोर सांगितली. त्या मुलाची क्षमाही मागितली. तो म्हणाला, "सर, तुम्ही कुठे ओरडलात?" आम्ही म्हटले, "दोन दिवस आधी."

पुढे २९ जूनला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात १६ धावा हव्या होत्या, आणि चेंडू हार्दिकच्या हाती होता. भारत सात धावांनी जिंकला. ४ जुलैला वानखेडे मैदानावर त्याच्या नावाचा जयघोष झाला. काही महिन्यांपूर्वी याच मैदानावर त्याची हुर्यो उडाली होती. आम्ही काकांकडे गेलो. काका म्हणाले, "जयघोष सोपा असतो, मास्तर. जिंकलेल्याला तो कोणीही देतो."

बाल मित्रहो, थट्टा अवश्य करा. तिच्याविना शेजार अळणी होतो. पण करताना एवढे पाहा, की समोरच्याला उत्तर देता येते ना, आणि संध्याकाळी त्याच्या दारी ताट घेऊन जाता येईल ना. आमचे आणि काकांचे युद्ध अजून चालूच आहे. वासी उत्तरायणाला आम्ही त्यांच्या गच्चीवर जातो, आणि फिरकी कोणी धरावयाची यावरून दरवर्षी नव्याने वाद घालतो.