वाळवणाचा चहा

नागपूरच्या नैर्ऋत्येस, वेणा नदीकाठच्या हिंगण्याला चहा म्हणजे उकळून कडक केलेला, दुधासाखरेचा. एमआयडीसीतून रात्रपाळी करून आलेला कामगार दुसरा मागणार नाही. आणि त्याने तरी का मागावा? पण चीनच्या फुजियान प्रांतातील फूडिंगचा पांढरा चहा समजायला हिंगणेकरांना मुळीच जड जाऊ नये. कारण तो चहा म्हणजे निव्वळ वाळवण!

वसंतारंभी पानांच्या न उलगडलेल्या कळ्या खुडायच्या. त्यांवर पांढरी लव असते, म्हणून चिनी नाव 'रुपेरी सुई'. हिरव्या चहासारखे कढईत परतणे नाही, काळ्या चहासारखे मळणे नाही. बांबूच्या सुपांवर दोन-तीन दिवस पातळ पसरून सुकवायच्या, मग मंद आचेवर उरलासुरला ओलावा काढायचा. एवढेच! पण ऊन कडक झाले तर कळी लालसर पडते, आभाळ आले तर काळवंडते. चैत्रात गच्चीवर कुरडया घालून ढगाकडे पाहणाऱ्या गृहिणीला ही धाकधूक काय सांगावी?

झुडूप मात्र आपल्याकडे रुजायचे नाही. त्याला आम्लधर्मी माती आणि डोंगरी धुके हवे. आपली काळी जमीन चुन्याची, उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर.

चहा करताना पाणी उकळून ८० अंशांपर्यंत निवू द्यावे. कपाला ३ ग्रॅम कळ्या, चार-पाच मिनिटे. रंग फिका पिवळा, चव गोडसर. त्याच कळ्यांवर पुन्हा दोनतीनदा पाणी घालता येते. दूध घातलेत, तर उरेल ते दूधच! रात्रपाळीची तलफ याने भागायची नाही; ती टपरीनेच भागवावी. हा चहा सवड असलेल्या दुपारचा.