दोन तारांचं विमान

हातातल्या तारांनी गोल उडवायच्या (कंट्रोल लाइन) ५० इंची ‘नोब्लर’चा आराखडा झेरॉक्सवर वाढवला की मोठं विमान तयार, असं अनेकांना वाटतं. पंख दीडपट केला की क्षेत्रफळ सव्वादोनपट होतं. लाकडाची जाडीही त्याच पटीत वाढवली तर वजन मात्र तिपटीच्या वर. मोठ्या विमानात सगळी झटापट ग्रॅमशी.

(नोब्लर अमेरिकेतल्या जॉर्ज ऑल्ड्रिचचं, १९५०च्या दशकातलं. फ्लॅप आणि एलेव्हेटर जोडलेले. एक खाली गेला की दुसरा वर.)

*

बाल्सा घ्यायला जाताना वजनकाटा सोबत हवा. एकाच मापाच्या दोन पट्ट्यांत दुपटीचा फरक निघतो. सगळ्यात हलकी पट्टी शेपटीला. शेपटीतला एक जास्तीचा ग्रॅम नाकात दोन-तीन ग्रॅम शिसं मागतो.

*

तारांची ओढ एलेव्हेटरकडे नेणारी तरफ, म्हणजे बेलक्रँक, ४ इंची. प्लायचा तुकडा स्पारला पक्का बांधून त्यावर. पंख मढवला की तिथे पुन्हा हात पोचत नाही.

*

हिशेब करून पाहिला. विमान १.८ किलो, तारा २० मीटर, फेरीला ५.३ सेकंद. म्हणजे ताशी ८५ किलोमीटर आणि तारांवर सुमारे ५ किलोचा ताण. विमान बरोबर डोक्यावर आलं की त्यातून त्याचं स्वतःचं वजन वजा. उरतात सव्वातीन, वेग मंदावला तर त्याहून कमी. तार ढिली पडली की हातात नुसतं हँडल.

म्हणून इंजिनाचं तोंड किंचित वर्तुळाबाहेर, तारा पंखाच्या टोकातून जरा मागे सरकवून बाहेर काढलेल्या, बाहेरच्या पंखाच्या टोकाला थोडं शिसं. शिसं तारांचं वजन तोलण्यापुरतंच. जास्त झालं तर तीव्र वळणात तो पंख खाली पडतो. रडर फार वळवणारे मला पटत नाहीत. विमान तिरकं पळतं आणि वाऱ्यात वेडंवाकडं होतं. दोन्ही जागा, तारांची आणि शिशाची, सरकत्या ठेवा. खरी जुळवणी मैदानातच होते.

जड विमान तार उलट छान ताणतं. पण चौकोनी लूपच्या कोपऱ्यात ते बसतं, आणि तिथे कुठलीच जुळवणी कामाला येत नाही.

*

टाकीतली नळी बाहेरच्या बाजूला. फिरताना इंधन तिकडेच जातं.

*

चक्कर येत नाही का, हा नेहमीचा प्रश्न. एनसीसीच्या एअर विंगमध्ये कंट्रोल लाइन उडवलेल्यांना विचारा. नजर विमानावर खिळली की फिरतात ती मागची झाडं.

*

उडवण्याआधी तारा ओढून बघणं सक्तीचं. स्टंट विमानाला वजनाच्या दहापट, म्हणजे या विमानाला १८ किलो, स्प्रिंगकाट्यावर. नव्या माणसाला हे अघोरी वाटतं. पंखातून काही उपटायचंच असेल तर ते जमिनीवर उपटलेलं बरं.

*

तारा पोलादी असतात, वीज वाहून नेतात. मैदान ठरवताना आधी वर बघा. जवळपास विजेच्या तारा असतील तर दुसरं मैदान शोधा. आणि हँडलची वादी मनगटात अडकवल्याशिवाय मदतनिसाला विमान सोडायची खूण करू नका.