पाण्याचा तपशील

ऐतिहासिक नाटकातील वा मालिकेतील दैनंदिन जीवन 'बरोबर' आहे की नाही, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा वस्तूंच्या पातळीवरच विचारला जातो. यादवकाळातील स्वयंपाकघरात लाल मिरची दिसली की जाणकार हसतात. ती पोर्तुगीजांबरोबर आली, हे त्यांना ठाऊक असते. हे हसणे रास्तच आहे. मात्र ते पुरेसे आहे काय, अशी शंका ज्या प्रसंगाने माझ्या मनात निर्माण केली, तो येथे नोंदवावासा वाटतो.

काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांसाठी मी एक दीर्घांक लिहिला. काळ १९४७-४८चा, स्थळ अंबाजोगाई, म्हणजे निजामी दप्तरातले मोमिनाबाद. तपशिलाबाबत मी कमालीचा दक्ष होतो. पाटलाच्या हाती हाली रुपया दिला. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा हिशेब संवादात आणला. कागदांवर फसली सन घातला, कचेरीची भाषा उर्दू ठेवली, ताटात ज्वारीची भाकरी वाढली. एका प्रवेशात शेतावरचा महार गडी वाड्यात येतो, ओसरीवरच्या माठातून तांब्याने पाणी घेतो आणि बोलू लागतो. पात्राला काही हालचाल हवी, एवढाच त्यामागे माझा विचार होता.

प्रयोगानंतर एका विद्यार्थिनीचे आजोबा भेटले. त्या काळी ते दहा वर्षांचे होते. म्हणाले, "सर, रुपाया बरूबर हाय तुमचा. पर माठाला आमचा हात लागत नव्हता. वरून वतायचे, आमी वंजळ धरायचो." स्वरात तक्रार नव्हती, चूक दुरुस्त करावी, तसे ते बोलले.

रोलाँ बार्थ यांनी १९६८च्या एका निबंधात फ्लोबेरच्या कथेतील वायुभारमापकाची चर्चा केली आहे. कथानकाला निरुपयोगी असा तपशील 'हे वास्तव आहे' एवढेच सांगण्यासाठी येतो, असे त्यांचे प्रतिपादन. माझा हाली रुपया नेमके हेच काम करीत होता. त्याने प्रेक्षकांचा विश्वास संपादन केला आणि त्या विश्वासाच्या आडून माठाचा खोटेपणा बिनबोभाट खपला. मलाही तो खटकला नाही, कारण माझ्या घरच्या आठवणींत माठ होता, ओंजळ नव्हती.

महानुभावांचे गद्य मी वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहे. गोविंदप्रभूंच्या चरित्रात मातंगांच्या पाण्याच्या हालांची आणि त्यांच्यासाठी खोदलेल्या विहिरीची लीळा आहे. तेराव्या शतकातील चरित्रकाराला जो तपशील नोंदवावासा वाटला, तो विसाव्या शतकाचे चित्र रेखाटताना त्याच ग्रंथाच्या अध्यापकाकडून सुटला. तेव्हा दैनंदिनाची ऐतिहासिकता तपासताना वस्तूबरोबरच त्या वस्तूला कोणाचा हात लागू शकत होता, हेही समीक्षेने विचारले पाहिजे, असे मला वाटते.

पुढच्या प्रयोगासाठी मी तो प्रवेश बदलला. गड्याची भूमिका करणारा मुलगा पाटलाच्या घरातला होता. तालमीत त्याने विचारले, "सर, किती वेळ वाकून राहायचं?" माझ्या संहितेत याचे उत्तर नव्हते. तो प्रश्न घेऊन मला त्या आजोबांकडेच जावे लागले.