बाईंचं आधीचं नाव

वाडा बिल्डरला द्यायचं ठरलं आणि माळ्यावरच्या ट्रंका खाली आल्या. त्यातली एक बाईंची. बाई म्हणजे माझी चुलत आजी, पण त्यांना आजी कुणी म्हटलंच नाही. नाशिकच्या मुलींच्या शाळेत इतकी वर्षं गणित शिकवलं, की घरातले, गल्लीतले, भाजीवालीसुद्धा त्यांना बाईच म्हणायची.

वरच टाचणवह्या होत्या, वर्षवार बांधलेल्या. १९५७ची उघडली. त्या वर्षी १ एप्रिलला नवे पैसे आले आणि वहीतली आणे-पैची उदाहरणं लाल शाईनं खोडली गेली. एका आण्याचे सहा नवे पैसे धरले तर सोळा आण्यांचे शहाण्णवच होतात. मग रुपयातले चार पैसे गेले कुठे? चार आण्यांचे पंचवीस बरोबर बसतात, घोळ सगळा सुट्या आण्याचा. खरा आणा सव्वासहा पैशांचा, आणि पाव पैसा काही कुणाच्या हातावर ठेवता येत नाही. बाईंनी समासात लिहिलंय, ‘मुली हे विचारणारच. आधी आपणच विचारावं.’ बाजारातला एक जुना हिशेब मोडत होता आणि या बाई त्यातून तासाची सुरुवात काढत होत्या. मला त्यांचा हेवा वाटला.

दुसऱ्या एका वहीच्या मागच्या पानावर ६१७४ चौकटीत लिहिलेला. नाशिकच्या गणितशिक्षकाकडे हा आकडा सापडणं यात नवल काही नाही. देवळालीच्या शाळेत १९६२पर्यंत शिकवणाऱ्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांचा तो स्थिरांक. कोणतेही चार अंक घ्या, सगळे सारखे नसले म्हणजे झालं. उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढता क्रम वजा करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतो आणि मग तिथून हलत नाही. कापरेकरांनी आणखी एका संख्याप्रकाराला गावाचंच नाव दिलं होतं, देवळाली संख्या. तोफखान्याच्या गावाला हा मान मिळालाय, हे गावातल्या किती जणांना माहीत असेल कोण जाणे.

ट्रंकेच्या तळाशी, जुन्या वर्तमानपत्राखाली, एक इंग्रजी कागद निघाला. सैन्यातून मुक्त केल्याचा. विमेन्स ऑक्झिलरी कोअर (इंडिया), भरती १९४२, काम क्लार्कचं. नाव आमच्या कुणाच्याच ओळखीचं नाही; नावही वेगळं, आडनावही वेगळं. आई म्हणाली, ‘असेल एखाद्या मैत्रिणीचा.’ मीही बाजूला ठेवला. मग ओळखीच्या खुणेची ओळ वाचून दाखवली, हनुवटीवर व्रण, तशी आई उठून बसली. ‘अगं, बाईंच्या हनुवटीला होता तो!’

भूमितीत दोन त्रिकोण एकरूप ठरवायला तीन बाबी लागतात. आमच्याकडे व्रण झाला, शाळेच्या सेवापुस्तकातली जन्मतारीख जुळली आणि जन्मगावही तेच निघालं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं, तेव्हा जुनं नाव ताटाबाहेर गेलं, आणि त्याबरोबर चार वर्षांची नोकरीही. कोअरमधल्या हिंदी मुलींना खाकी साडीची मुभा होती म्हणतात. बाईंना खाकी साडीत कल्पून पाहिलं; पदर तोच, घट्ट खोचलेला.

त्या याबद्दल कधी बोलल्या नाहीत, याचं मला फार नवल वाटत नाही. साल बघा. ऑगस्ट १९४२मध्ये गवालिया टँकवर ‘चले जाव’ झालं, आणि त्याच वर्षी ही मुलगी इंग्रजांच्या फौजेत पगारावर. त्या कोअरमध्ये युद्ध संपेपर्यंत दहा हजारांवर बायका होत्या, अँग्लो-इंडियन आणि ख्रिस्ती मुली बऱ्याच. पेठेतल्या घरात सून म्हणून येताना हे सांगण्यासारखं नव्हतं. तरी कागद फाडला नाही. ज्या बाईनं रद्दीवाल्याला दर आठवड्याला बोलावलं, तिनं हा तळाशी ठेवला.

गणित आणि फौज एकत्र म्हटल्यावर मला ग्रेस हॉपर आठवल्या, अमेरिकेतल्या गणिताच्या प्राध्यापिका. कॉलेजातून रजा घेऊन १९४३मध्ये नौदलात गेल्या आणि पुढे रिअर अॅडमिरल झाल्या. त्यांच्या सहकाऱ्यांना १९४७मध्ये संगणकात एक पतंग सापडला; नोंदवहीत चिकटवलेला तो किडा आज तिकडच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आमच्या ट्रंकेतल्या किड्यांनी वह्यांच्या कडाच खाल्ल्या. लीलावतीचं तर त्याहून वाईट. गणिताच्या पुस्तकाला तिचं नाव आहे, तिच्या हातचं अक्षर एकही नाही.

रात्री सहज ६१७४चा खेळ मांडला. १९४२ घेतलं: ९४२१ वजा १२४९, उत्तर ८१७२. मग १९५७: ९७५१ वजा १५७९. उत्तर पुन्हा ८१७२. चुकलं असेल म्हणून परत केलं. चुकलं नव्हतं, टोकाच्या अंकांतलं अंतर दोन्हीकडे आठ, मधल्यांतलं दोन, आणि वजाबाकीला तेवढंच लागतं. बाईंनी हे करून पाहिलं होतं का, ते वहीत नाही.

शेजारची मुलगी एनडीएची तयारी करतेय. लेखी परीक्षेत गणिताला तीनशे गुण. मुलींना ते दार उघडून थोडीच वर्षं झालीत. २०२५च्या मे महिन्यात खडकवासल्याहून पहिल्या सतरा जणी बाहेर पडल्या. तिला टाचणवही आणि तो कागद दाखवला. तिनं आण्याचं उदाहरण वाचलं, चार पैसे कुठे गेले ते मनातच काढलं आणि विचारलं, ‘या फौजेत होत्या?’

कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातला. वर लेबल लावायचं होतं, पण नाव कोणतं लिहावं ते ठरेना. शेवटी दोन्ही लिहिली, मध्ये बरोबरचं चिन्ह काढलं. आई चष्मा लावून बघत होती. म्हणाली, ‘आधीचं आधी लिही.’ मी ते लेबल काढून दुसरं लावलं.